चूलबंद आवतन

पंगतीतून माणसाला उठवायला फार काही लागत नाही. टेकाळीच्या उकंडराव पाटलानं तर आवाजही चढवला नव्हता. लेकीच्या लग्नात तो स्वतः वरण वाढत निघाला होता. गोजरबाईच्या पत्रावळीपाशी आला, हातातली पळी तशीच पुढं नेली आणि मागच्या माणसाला म्हणाला, "हिला काहून बसवलं? उठवा."

गोजरबाईचा गुन्हा एवढाच, की ती दगडोबाची बायको होती. गावच्या गायरानाचा निम्मा तुकडा पाटलानं नांगरून आपल्या शेताला जोडला, तेव्हा चौकशीला महसूल खात्याचा गिरदावर आला होता. अख्ख्या गावानं माना खाली घातल्या. एकटा दगडोबा पुढं झाला आणि जुना बांध कुठं होता ते त्यानं पायानं दाखवलं. गायरान सुटलं, गावाची गुरं पुन्हा तिथं चरायला लागली. दगडोबा मात्र त्याच हिवाळ्यात तापानं गेला, आणि त्याच्यावर काढायचा राग पाटलानं त्याच्या बायकोसाठी राखून ठेवला.

"नवऱ्यानं मला चोर केलं अन् ही माझं अन्न खायला आली," पाटील म्हणाला.

गोजरबाई उठली. शेजारी बसलेल्या मुंजाजीच्या तोंडात पहिला घास होता. त्याला तिनं दंडाला धरून उठवलं. मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मायलेकरं चालत गेली. दोन्ही बाजूंनी गाव जेवत होतं.

घरी चूल थंड. पाटलाचं आवतन चूलबंद होतं. म्हणजे लेकराबाळासकट, आल्यागेल्या पाहुण्यासकट सगळ्या घरानं जेवायला यायचं आणि त्या दिवशी चुलीला विस्तव लावायचा नाही. ज्याच्या घरातून धूर निघाला, त्यानं आवतन देणाऱ्याच्या तोंडावर थुंकल्यासारखंच. मुंजाजी म्हणाला, "माय, भाकर टाक ना." गोजरबाई चुलीकडं पाहत बसली. "आज न्हाई," ती म्हणाली. "त्यानं रीत सोडली म्हणून आपुन सोडायची का?"

मुंजाजी उपाशी झोपला. सूड घ्यायचा हे त्याचं त्याच दिवशी ठरलं. बाकीचं शिक्षण नंतरचं.

वसमतला मामाच्या घरी, मग हिंगोलीला, असं करत तो हैदराबादला विद्यापीठात पोचला. सगळ्यांना वाटलं पोरगं वकील होणार. गोजरबाईलाही तसंच वाटत होतं. पण मुंजाजीनं जो वर्ग धरला त्याचं नाव सांगताना गावाकडच्या माणसाची जीभ वळायची नाही. नश्र-ओ-इशाअत. सरकारनं, संस्थेनं, कारखान्यानं लोकांना काय सांगावं, कोणाच्या तोंडून सांगावं आणि आपल्याच माणसांशी कसं बोलावं, याचं शिक्षण. लढाईचे दिवस होते, सरकारला इश्तिहार, म्हणजे जाहिराती, लिहिणारी माणसं हवी होती, म्हणून तो वर्ग निघालेला. खोलीवरची पोरं चिडवायची, "म्हणजे दवंडी पिटायची पदवी घेऊन राहिलास." मुंजाजी हसायचा. त्याचं गणित वेगळं होतं. पाटलाकडं जमीन होती, माणसं होती, कचेरीत ओळख होती. त्यातलं काहीही हिसकावून घेण्याची मुंजाजीची ऐपत नव्हती. पण पाटलाची इज्जत पाटलाच्या तिजोरीत थोडीच होती. ती गावाच्या तोंडात होती, आणि तोंडं कशी फिरतात तेच तर इथं शिकवत होते.

प्रोफेसरसाहेब पान खात शिकवायचे आणि फळ्यावर फारसं लिहायचे नाहीत. एके दिवशी त्यांनी एका गिरणीची गोष्ट सांगितली. गिरणीनं भिंतीभिंतीवर इश्तिहार लावला, की आमच्या कापडानं अंगाला खाज येत नाही. तोवर कोणाला खाज आलेली नव्हती. त्या दिवसापासून अख्खं शहर खाजवायला लागलं. हे ऐकता ऐकता वर्गातल्या पोरांचेही हात पाठीकडं गेले. "लक्षात ठेवा," प्रोफेसरसाहेब म्हणाले, "जे कुणी म्हटलेलंच नाही ते कधी नाकारू नका. तुम्ही नाकारलंत की ते जन्माला येतं. आणि जिथं तसं एकदा खरोखर घडलेलं असेल तिथं तर विचारूच नका."

बाकीच्यांनी ही चूक करायची नाही म्हणून लिहून घेतलं. मुंजाजीला ते लिहून घ्यायची गरज पडली नाही.

परीक्षा देऊन तो उन्हाळ्यात गावी आला. गोजरबाईचे केस पिकले होते, पण कणा ताठ होता. एवढ्या वर्षांत ती टेकाळीतल्या एकाही पंगतीला बसली नव्हती. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, ती जायची, कामाला हात लावायची आणि पानं मांडायची वेळ झाली की घरी यायची. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "माझं जेवण ऱ्हायलंय, ते झालं की बसंन." लोकांना वाटायचं म्हातारी आता थोडी फिरली.

आल्याच्या आठवड्यात पाटलाचं बोलावणं आलं. उकंडराव पाटील वाड्याच्या दाराआतल्या ढाळजेत लोडाला टेकून बसला होता. अंगानं सुटला होता, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"ये लेका मुंजाजी. हैद्राबादेत लोकायला सांगायची काय तरी विद्या शिकलास म्हणं. तुझी माय बरी हाय ना? लई दिवसात दिसली न्हाई."

मुंजाजीनं त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. पाटील टोमणा मारत नव्हता. तो खरंच विसरला होता. ज्या गोष्टीवर मायलेकरांनी एवढी वर्षं काढली, ती त्याच्या ध्यानातही नव्हती. 

"बरी हाय, मालक," तो म्हणाला.

पाटलाचं काम साधं होतं. सरकारला सक्तीनं द्यायचं लेव्हीचं धान्य गोळा करताना त्यानं दुसऱ्याची कणगी झाडून नेली होती आणि आपली धान्यानं भरलेली पेवं मातीनं लिंपून ठेवली होती. कुणीतरी वसमतला तक्रार केली. आता तहसीलदारसाहेब स्वतः येणार होते. पाटलानं त्यांना नेमकं नातवाच्या जावळाच्या दिवशी बोलावलं होतं.

"चूलबंद आवतन देणार हाय. अख्खं गाव माझ्या पानावर बसलेलं साहेबानं आपल्या डोळ्यानं बघितलं, की तक्रार खोटी पडली. काय?"

"अन् गाव न्हाई आलं तर?"

"तर पाटीलकी गेली म्हणून समज," पाटील हसला. "पर काहून येणार न्हाई? गव्हाच्या पोळ्या हायेत, लापशी हाय. नुसतं सांगणारा बराबर पायजे. गुरव आपला दारात येतो, पुटपुटतो अन् निघून जातो."

"मी सोता घरोघर जातो," मुंजाजी म्हणाला.

पाटलानं त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप मुंजाजीनं मुकाट सोसली.

दुसऱ्या दिवशी हातात अक्षतांची वाटी घेऊन तो निघाला. पहिलं घर अनुसयाबाईचं. ती दारात सुपानं ज्वारी पाखडत बसली होती.

"मावशी, पाटलाच्या घरचं चूलबंद आवतन हाय. नातवाचं जावळ हाय उद्या."

"येतो की बापा."

"बिनघोर या. लेव्ही कमी पडली आसल तरीबी या. साहेब हजर आसतील, पर कुणाला पंगतीतून उठवणार न्हाईत."

अनुसयाबाईचं सूप हातातच थांबलं. "उठवणार न्हाईत म्हंजी?"

"उठवणारच न्हाईत. तसलं काही मनात आणू नका."

"उठवणार म्हणून कोण म्हणलं व्हतं?"

"कुणीच न्हाई," मुंजाजी म्हणाला, आणि ते शंभर टक्के खरं होतं. अक्षता तिच्या हातात ठेवून तो पुढच्या दाराला गेला.

अशी दोन गल्ल्या घरं झाली. तिसऱ्या गल्लीत त्याला तोंड उघडायची गरजच उरली नाही. लोकच विचारायला लागले. साहेबापुढं नावं वाचणार हायेत म्हणं? मुंजाजी म्हणायचा, छे, नावं काहून वाचतील. ज्याचं नाव येईल त्याला पानावरून उठवणार म्हणं? मुंजाजी म्हणायचा, पाटील असं कसं करतील. इथं समोरचा माणूस हमखास अक्षता घेऊन आत वळायचा. पाटील असं कसं करतील ते टेकाळीत सगळ्यांनी बघितलेलं होतं. गोजरबाईच्या पानावरून पुढं गेलेली पळी पाटील विसरला असेल, गाव विसरलं नव्हतं. आणि कागदोपत्री लेव्ही कमी न पडलेलं घर पाटलाचं सोडून गावात दुसरं नव्हतंच.

संध्याकाळी ही कुजबुज पाटलाच्या कानावर गेली. त्यानं मुंजाजीला बोलावलं. मुंजाजीनं सल्ला दिला, आणि प्रोफेसरसाहेबांनी तो ऐकला असता तर कपाळाला हात लावला असता.

"मालक, तुमीच चावडीवर सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं की लोकायची खात्री पटंल."

पाटील चावडीवर उभा राहिला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी शब्द देतो. उद्या एकालाबी पंगतीतून उठवणार न्हाई." लोकांनी माना डोलावल्या आणि एकमेकांकडं न पाहता घरी गेले. उद्या उठवणारच, याची ज्याला अजून शंका होती त्याचीही फिटली.

गोजरबाई अंगणात वाळलेली हळकुंडं निवडत बसली होती. हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. मुंजाजी तिच्यासमोर टेकला आणि सगळं सांगितलं. पहिल्या घरापासून चावडीपर्यंत. सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं. एवढी वर्षं तो हेच सांगायचं म्हणून जगला होता.

"म्हंजी गाव उद्या घरी बसणार," गोजरबाई म्हणाली.

"व्हय. घरोघर चुली पेटतील. साहेबादेखत धूर निघंल. पानं रिकामी ऱ्हातील, माय."

"आपल्यालाबी उठवतील म्हणून भिऊन."

"कशानं का व्हईना."

गोजरबाईनं हातातलं हळकुंड खाली ठेवलं. "मुंजा, पाटलानं मला उठवलं ते एका शब्दानं. पर मी त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत चालत आले, तवा एकाचाबी हात थांबला न्हाई. ज्यायच्या गुरांपायी तुझा बाप बोलला, ते वरणाचे भुरके मारून राहिले व्हते. तू पाटलालाच धरून बसलास. मी अख्ख्या गावाला धरून बसले. उद्या ते घरी ऱ्हातील ते माझ्यापायी न्हाई, सोतापायी."

मुंजाजीचं हसू गेलं. राग आला. विद्यापीठात जाऊन विद्या आणली, पाटलाला त्याच्याच तोंडानं बुडवलं, आणि मायेला ते पुरत नाही. "मंग मी काय करायला पायजे व्हतं?"

"तू केलं ते बराबर केलं," ती म्हणाली. "आपल्या घरी आवतन दिलंस का?"

"आपल्या घरी कशाला?"

"चूलबंद म्हंजी सगळं गाव. दे."

मुंजाजीला वाटलं ती थट्टा करतेय. त्यानं वाटी उचलली, तिच्यापुढं उभा राहिला आणि नीट, सगळे शब्द उच्चारून आवतन दिलं. शेवटी "बिनघोर या" असंही म्हणाला. गोजरबाईनं पदर पसरून अक्षता घेतल्या. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी पाटलाच्या अंगणात आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव पडला होता. पळसाच्या पत्रावळींच्या रांगा या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडल्या होत्या. लापशीची कढई झाकून ठेवली होती, पोळ्यांच्या टोपल्या भरून उतू चालल्या होत्या. तहसीलदारसाहेब खुर्चीवर बसले होते. पाटलानं नवा पटका बांधला होता आणि नातवाला कडेवर घेऊन तो सारखा वेशीकडं बघत होता.

गुरव गावात बोलावणं करून आला. कुणी आलं नाही. पुन्हा पाठवला. पुन्हा एकटाच परत आला. मांडवात पाटलाचे भाऊबंद आणि गडी तेवढे उभे होते, आणि पाहुण्यांच्या आधी बसायचं नाही म्हणून तेही ताटकळले होते.

मग पहिला धूर निघाला. अनुसयाबाईच्या घरातून. नंतर तिच्या शेजारच्या घरातून. बघता बघता माळवदामाळवदावरच्या धुराड्यांतून धूर वर चढला आणि गावावर निळसर थर धरला.

साहेबांनी मान वर करून पाहिलं. "पाटील, आप तो बोले थे आज गाँव में चूल्हा नहीं जलेगा."

पाटलाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं नातवाला खाली ठेवलं आणि मुंजाजीला बाजूला ओढलं. "तू सांगितलं व्हतंस ना समद्याला?"

"बराबर सांगितलं, मालक. तुमीबी सांगितलं."

हे वाक्य मुंजाजीनं हैदराबादच्या खोलीत किती वेळा घोकलं असेल. ते बोलताना जेवढं गोड लागेल असं वाटलं होतं, त्याहून गोड लागलं. पाटलाच्या कपाळावरचा घाम नव्या पटक्यात मुरताना तो पोटभर बघत राहिला. मग त्याची नजर सहज गावाच्या खालच्या अंगाला गेली. सगळ्या घरांवर धूर होता. त्याच्या स्वतःच्या घरावर नव्हता.

तेवढ्यात गोजरबाई मांडवात शिरली. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावरून पदर, हात अजून हळदीचे. ती कुणाशी बोलली नाही. दोन्ही बाजूंच्या रिकाम्या पत्रावळींमधून चालत गेली आणि एका पानावर जाऊन बसली. मुंजाजीनं ती जागा ओळखली.

पाटील तिच्याकडं बघत राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. आता त्याला आठवलं.

वाढपी लगबगीनं पुढं झाला. गोजरबाईनं पानावर आडवा हात धरला. "तू नको. पाटलायनं वाढावं. तवाची पळी ऱ्हायलीय."

पाटील जागचा हलेना. साहेब खुर्चीत पुढं सरकले. "वाढो पाटील. कोई तो आया."

उकंडराव पाटलानं वरणाची पळी घेतली. वाकला. वरण पानाबाहेर सांडलं. गोजरबाई म्हणाली, "नीट वाढा." पाटलानं पुन्हा वाढलं. पोळी वाढली, भाजी वाढली, लापशी वाढली, वर तूप सोडलं. तिनं पानाभोवती पाणी फिरवलं आणि जेवायला लागली. घाई नव्हती. एक घास संपला की दुसरा. मधेच मान वर न करता म्हणायची, "पोळी," आणि पाटील टोपली घेऊन वाकायचा.

ही बातमी गावात कोणी नेली कोण जाणे. मुंजाजीनं तरी नेली नव्हती. गोजरबाई पंगतीत बसली आणि पाटील तिला वाढतोय, एवढं ऐकून माणसं चुली सोडून धावत आली. बायांचे हात पिठाचे होते. मांडवाच्या कडेला सगळी गोळा झाली आणि बघत राहिली. कुणाला उठवत नव्हते. नावं वाचत नव्हते. पाटलाच्या जिवात जीव आला. "या, बसा, बसा," तो हात जोडून म्हणाला. अनुसयाबाई लाजत पुढं आली आणि एका पानावर बसायला वाकली.

"बसू नको, अनुसया," गोजरबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मांडवात सगळ्यांना ऐकू गेला. "मी उठले तवा तुमी बसून व्हता. आज मी बसले. तुमी उभे ऱ्हा."

अनुसयाबाई वाकलेली सरळ झाली. तिच्यामागं आलेले पाय मागं गेले. पाटील म्हणत राहिला, बसा, अन्न वाया जातंय, पण त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. मांडवभर गाव उभं होतं आणि मधे एक बाई जेवत होती. मुंजाजीही उभा होता. आपण हे सगळं घडवलं असं त्याला सकाळपर्यंत वाटत होतं. आता तो बाकीच्यांसारखाच मान खाली घालून उभा राहिला. त्या पंगतीत मायेसोबत उठवला गेलेला तोही होता, पण त्यानं आतापर्यंत फक्त आपली भूक लक्षात ठेवली होती.

साहेब उठले. पाटलानं धावत जाऊन विड्याचं तबक पुढं केलं. साहेबांनी तबकाकडं पाहिलं, लापशीच्या भरलेल्या कढईकडं पाहिलं आणि विडा न घेताच ते निघाले. गाडीचा आवाज वेशीपर्यंत ऐकू आला.

गोजरबाईनं शेवटचा घास खाल्ला, पान पुसून घेतलं. पाटील तिच्यापुढं हात जोडून उभा राहिला. जेवून उठणाऱ्यानं वाढणाऱ्याला 'अन्नदाता सुखी राहो' म्हणायची रीत होती, आणि त्या दिवशी ते म्हणायला मांडवात दुसरं कुणी जेवलेलं नव्हतं. नातवाचं जावळ होतं. पाटलाची सून दारात बाळाला छातीशी धरून उभी होती, तीही गोजरबाईच्या तोंडाकडं बघत होती.

गोजरबाईनं बाळाकडं पाहिलं. "लेकरू सुखी राहो," ती म्हणाली. मग पाटलाकडं पाहिलं आणि गप्प राहिली. पाटील थांबला. गाव थांबलं. गोजरबाईनं आपली पत्रावळ दुमडली, आपल्या हातानं उचलली आणि उभी राहिली. हौदावर हात धुतले. हळद काही निघाली नाही.

"चल मुंजा," ती म्हणाली. "आवतन पाळून झालं. तुला भाकर टाकते."

माणसांनी वाट दिली. मायलेकरं त्या टोकापासून या टोकापर्यंत चालत गेली, आणि थोड्या वेळानं गावाच्या खालच्या अंगाला, राहिलेल्या एका घरातून धूर निघाला.